प्रागला कोण जाणार

मी आयुष्यात जेवढे फॉर्म भरले त्यातला एकही परत आला नव्हता. सातपूरच्या कारखान्यात चौतीस वर्षं मी प्लॅनिंगमध्ये काढली. कुठल्या मशीनवर कुठला जॉब कधी चढणार आणि कधी उतरणार, हे कागदावर मांडणं हेच माझं काम. त्यामुळे माझ्या कागदात कोणी चूक काढली की मला राग येतो, आणि निघालीच तर ती दुसऱ्या कोणाची तरी असणार असं आधी वाटतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं माझ्याच एका फॉर्ममधल्या उत्तरावरून सुरू झालं.

हे लिहू का, असं मी बायकोला विचारलं होतं. ती म्हणाली, लिहा, पण नावं घालू नका. म्हणून यात कोणाचंच नाव नाही.

प्रागला जायचं हे आमचं फार जुनं ठरलेलं. लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा कारखान्यात चेकोस्लोव्हाकियाहून दोन मोठी बोअरिंग मशीनं आली. ती बसवून द्यायला तिकडचा एक वयस्कर इंजिनिअर तीन महिने नाशकात राहिला. एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला, पुरणपोळीवरचं तूप त्यानं हळूच बाजूला केलं, आणि जाताना सहा पोस्टकार्डं ठेवून गेला. घड्याळाचा मनोरा, टेकडीवरचा किल्ला, नदी, नदीवरचा दगडी पूल. पुढे कंपनी मला तिकडे ट्रेनिंगला पाठवणार होती. मी पासपोर्ट काढला, गरम कोट शिवून घेतला, आणि माझ्याऐवजी एक साहेब गेले. पासपोर्ट मात्र मी हट्टानं दर दहा वर्षांनी नवा करत राहिलो. कार्डं जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली गेली आणि तिथंच राहिली. तीस-पस्तीस वर्षं बायकोनं ती काच पुसली. एका कार्डात पहाटेच्या धुक्यात पुलावरून एक बाई पिशवी घेऊन एकटीच चालली आहे. बायको कधीतरी म्हणायची, ही एवढ्या सकाळी कुठं निघाली असेल ते एकदा बघायला हवं. मी तिला सांगत असे की ते कार्ड फार जुनं आहे, ती बाई आता नसेल. मी असाच बोलतो.

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून मुलगी आली आणि म्हणाली, बाबा, आता नाही तर कधी. ती टूर कंपनीचं माहितीपत्रकच घेऊन आली होती. अकरा दिवसांत आठ देश. मी ते परत केलं. हातात झेंडा घेतलेल्या पोराच्या मागे शाळेच्या सहलीसारखं पळायचं असेल तर मी घरीच बरा. एक शहर, चार दिवस, आणि प्लॅन माझा.

मी चौकटीची वही आणली. एका पानावर एक दिवस, एका चौकटीत अर्धा तास. पहिल्या दिवशी विमानतळ, हॉटेल, जुन्या गावातला चौक, घड्याळ. दुसऱ्या दिवशी किल्ला. बायकोचे गुडघे दुखतात म्हणून वर जाताना ट्राम, उतरताना चालत, तेही सावलीच्या बाजूनं. तिनं वही बघितली आणि विचारलं, यात चहा कुठंय? मी दोन चौकटी चहाला दिल्या. मग ती म्हणाली, एक सकाळ पुलासाठी ठेवा. मी विचारलं, तिथं काय करायचं म्हणून लिहू? ती म्हणाली, काही लिहू नका, मोकळी ठेवा. मला मोकळी चौकट बघवत नाही, पण ठेवली.

प्रागचे रस्ते फरसबंदीचे, उंचसखल. सवय हवी, म्हणून रोज सकाळी मी तिला गंगेवर न्यायला लागलो. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. घाटाच्या दगडांवरून अर्धा तास जायचं, अर्धा तास यायचं. नवे बूट घालून घाटावर फेऱ्या मारणारी साठी उलटलेली बाई बघून फुलवाल्या हसायच्या. एकीनं विचारलंच, नवस बोललाय का मावशी? बायको म्हणाली, हो, ह्यांनी बोललाय.

मे महिन्यातल्या तारखा ठरल्या. राहिला होता तिचा पासपोर्ट. तिला कधी लागलाच नव्हता. फॉर्म मी भरला. त्यात एक प्रश्न होता, तुम्ही कधी नाव बदललं आहे का? मी ‘नाही’वर खूण केली. एक क्षणही थांबलो नाही. आधार कार्डावर तिची जन्मतारीख एक जानेवारी पडलेली, शिबिरात कोणीतरी ठोकून दिलेली. मला चुकीची तारीख चालत नाही, म्हणून मी तिच्या पेटीतून तिचा शाळा सोडल्याचा दाखला शोधून काढला आणि तो जोडला. विंचूरच्या शाळेचा, दुमडून दुमडून घडीवर फाटलेला.

पासपोर्टच्या कार्यालयात खिडकीमागे आमच्या मुलीहून लहान एक मुलगी होती. तिनं दाखला बघितला, आधार बघितलं, परत दाखला बघितला. मग म्हणाली, काका, ही दोन वेगळी माणसं आहेत.

मी म्हणालो, दोन कशी, हे लग्नाआधीचं नाव आणि हे लग्नानंतरचं. ती म्हणाली, आडनावाचं नाही म्हणत मी, नावच वेगळं आहे. आणि इथं तुम्ही लिहिलंय की नाव कधी बदललं नाही. मी आवाज चढवला. म्हणालो, अहो, आमच्या वेळी प्रत्येक बाईचं बदलायचं, त्याला काय नाव बदलणं म्हणतात का? ती शांतपणे म्हणाली, मग काय म्हणतात?

राजपत्रात नोंद करून आणा, असं सांगून तिनं कागद परत दिले. रिक्षात बसल्यावर मी पहिल्यांदा तो दाखला नीट वाचला. शोधून काढताना, झेरॉक्स काढताना, जोडताना मी फक्त तारीख बघितली होती. नाव बघितलंच नव्हतं.

आमच्याकडे नवी नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहितो. आमच्यावेळी तर बदलायला कारणही होतं. तिचं नाव आणि माझ्या धाकट्या बहिणीचं नाव एकच. आई म्हणाली, एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, एकीला हाक मारली की दुसरी ओ देईल. बहीण पुढच्याच वर्षी लग्न होऊन गेली आणि तिच्या सासरी तिचंही नाव बदललं. म्हणजे जे नाव आम्ही घरात राखलं ते वर्षभरात घरातून गेलं आणि जिथं गेलं तिथंही उरलं नाही. हे मला रिक्षात, त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला लक्षात आलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

दोन दिवसांनी आम्ही कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका वकिलाकडे गेलो. त्याच्याकडे मजकूर तयारच असतो, नावं तेवढी भरायची. त्यानं प्रतिज्ञापत्र छापून तिच्यापुढे ठेवलं आणि सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली केली. लोक फुली बघून सही करतात. बायकोनं चष्मा काढला, पुसला, आणि वाचायला लागली. मी, अमुक अमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की मी स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय माझे नाव बदलून अमुक असे केले आहे. तिनं पेन खाली ठेवलं.

“हे खोटं आहे,” ती म्हणाली. “मी नाही बदललं.”

वकील म्हणाला, काकू, हा ठरलेला मजकूर आहे, सगळ्यांना हाच असतो. ती म्हणाली, सगळ्यांना असू दे, माझी सही सगळ्यांची नाही. नवऱ्यानं बदललं असं लिहिता येईल का? वकिलानं माझ्याकडे बघितलं. तसं लिहिता येत नाही म्हणाला. ज्याचं नाव त्यानंच बदललं पाहिजे.

आम्ही सही न करता घरी आलो. मी संतापलो होतो. व्हिसासाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, त्याआधी पासपोर्ट हवा, त्याआधी राजपत्र हवं, आणि ही एका ओळीवर अडून बसलेली. माझ्या वहीतल्या चौकटी एकमेकींवर उभ्या होत्या, खालची निघाली की वरच्या सगळ्या कोसळणार. मी दोन दिवस तिच्याशी कामापुरतं बोललो. मुलीनं फोनवर समजूत काढायचा प्रयत्न केला. मग मुलीनंच विचारलं, आई, दाखल्यावरच्या त्या नावानं तुला अजून कोण हाक मारतं? बायकोनं आठवून बघितलं. आई-वडील गेले. भाऊ ताई म्हणतात. मैत्रिणी कुठं कुठं गेल्या ते माहीत नाही. कोणी नाही, ती म्हणाली, आणि फोन माझ्याकडे दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. मी समोर बसलो. म्हटलं, एवढं काय त्यात, नाव काही वाईट नाही. आता वाटतं, तेवढंच बोलून उठलो असतो तर ती कदाचित चार दिवसांत आपणहून सही करून मोकळी झाली असती.

“वाईट कोण म्हणतंय,” ती म्हणाली. “लय चांगलं आहे. तुम्ही माझ्यासाठी निवडलंत, म्हणून तर एवढी वर्षं लावलं. कधी तक्रार केली का? पण मी बदललं असं मला लिहायला लावू नका. जे तुम्ही केलं ते तुमचं राहू द्या.”

तुम्ही निवडलंत. हे ती शेजारणींना सांगायची, मुलीला सांगायची. यांनी स्वतः निवडलंय, कोणाला विचारलं नाही. आणि मी प्रत्येक वेळी जवळ बसून ऐकत असे आणि गप्प राहत असे. ते खोटं मी कधी बोललो नव्हतो. फक्त कधी खोडलं नव्हतं. तिच्याकडून स्वखुशीनं सही घ्यायला निघालेला माणूस मीच होतो, आणि मला माझीच लाज वाटली. इतकी, की मी सांगून टाकलं.

त्या दिवशी ताट समोर आलं, तांदूळ पसरले, आणि आईनं विचारलं, काय ठेवायचं? कोणीच विचार केला नव्हता. मीही नाही. दहा-पंधरा माणसं माझ्या हातातल्या अंगठीकडे बघत होती. मी दाराबाहेर बघितलं. विंचूरहून वऱ्हाड ज्या मॅटाडोरनं आलं ती समोर उभी होती, आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत एक नाव रंगवलेलं होतं. मी ते लिहिलं. सगळे म्हणाले, छान नाव काढलं.

एवढं सांगून झाल्यावर मी तिच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

“पुढं लिहिलेलं होतं की मागं?” तिनं विचारलं.

“पुढं. काचेच्या वर.”

“मग मीही वाचलं असेल,” ती म्हणाली. “त्याच गाडीनं आले होते मी.”

थोड्या वेळानं ती म्हणाली, गाडीच्या मालकाच्या मुलीचं असेल. मी म्हणालो, असेल. तिनं उरलेले वाटाणे सोलले, टरफलं कागदात गुंडाळली, आणि चहा ठेवला. दोन कप ठेवला हे बघून मला बरं वाटलं. तेवढ्यावर बरं वाटून घेणारा माणूस आहे मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखे बूट घातले आणि आम्ही घाटावर गेलो. अर्ध्या वाटेवर ती थांबली. म्हणाली, मला पासपोर्ट माझ्या नावाचा पाहिजे. दाखल्यावर आहे त्या. तसं जमणार नसेल तर तुम्ही एकटे जाऊन या, तुमचा पासपोर्ट तयारच आहे.

मी हिशोब घातला. आधी राजपत्र, मग आधार, पॅन, बँक, माझ्या पेन्शनच्या कागदावरचं वारसाचं नाव. मे महिना गेलाच. माझ्या तोंडून निघून गेलं की चाळीस वर्षं चाललं, आणि आता चार दिवसांच्या सहलीसाठी एवढं सगळं करायचं?

“चार दिवसांसाठीच म्हणतेय,” ती म्हणाली. “इथं मला सगळे ओळखतात, इथं राहू दे. तिथं कोणी ओळखत नाही. तिथं तरी मला जाऊ द्या.”

मी आजवर तिच्या पुष्कळ गोष्टी हसण्यावारी नेल्या आहेत. ही नेता आली नाही. एकटा गेलो तर मी तिथं काय बघणार, हेही मला त्या दगडांवर उभं राहून कळत होतं. घरी येऊन मी वहीतली मे महिन्याची पानं फाडली आणि ऑक्टोबर लिहिलं. तिकडे तेव्हा थंडी पडायला लागलेली असते. तिच्यासाठी स्वेटर घ्यायचा, एवढंच त्या पानावर लिहिलं आणि वही मिटली.

आम्ही पुन्हा त्याच वकिलाकडे गेलो. त्यानं विचारलं, आडनावही माहेरचं करायचं का? बायकोनं जरा विचार केला. म्हणाली, आडनाव राहू द्या, ते माझ्या मुलीचंही आहे. वकिलानं तोच ठरलेला मजकूर काढला, फक्त नावांची जागा उलटी केली. मी स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय माझे नाव बदलून. तिनं या वेळीही चष्मा पुसला, पूर्ण वाचलं, आणि फुलीपाशी सही केली. मी कधीच न बघितलेली सही होती ती. अक्षर शाळेतल्या मुलीचं, गोल, शेवटच्या अक्षराखाली रेघ. हात मात्र अडखळला नाही.

पुढचे महिने मी खेपा घातल्या. प्रत्येक ठिकाणी कागदावर एक रकाना असायचा, बदलाचे कारण. पहिल्या ठिकाणी मी ‘वैयक्तिक’ लिहिलं. ते मला खटकत राहिलं, कारण त्यातून तिची काही लहर असावी असं वाटत होतं. बँकेत मी ‘मूळ नाव’ असं लिहिलं आणि मग सगळीकडे तेच लिहिलं. आधार केंद्रातल्या माणसानं विचारलं, या वयात कशाला आजोबा? मी म्हणालो, प्रागला जायचंय. तो म्हणाला, बरं.

मी तिला त्या नावानं हाक मारायला लागलो का, असं कोणी विचारेल. नाही. मी तिला ना ते नाव घेऊन कधी हाक मारली, ना हे. चाळीस वर्षं घरात ‘अगं’ आणि बाहेर ‘आमची ही’. एकदा न्हाणीघराच्या आरशासमोर उभं राहून मी ते नाव मोठ्यानं म्हणून बघितलं. बहिणीला हाक मारल्यासारखं वाटलं. पुन्हा म्हणालो, तरी तसंच. मला वाईट वाटलं. ती जशी आमच्याकडे येऊन नव्या नावाला ओ द्यायला शिकली असेल, तेही वीस वर्षांची असताना, परक्या घरात, कोणी शिकवायला नसताना, तसं मला सहासष्टाव्या वर्षी जमेना.

जुलैमध्ये पासपोर्टच्या कार्यालयात दुसऱ्यांदा गेलो. या वेळी फॉर्म तिनं स्वतः भरला होता. त्या प्रश्नापुढे ‘होय’, आणि खाली दोन्ही वेळा बदललेलं लिहिलेलं. पाऊस होता, माणसं कमी होती. आम्ही बाकावर बसलो. फाईल माझ्या मांडीवर, कागद क्रमानं लावलेले, प्रत्येकाच्या दोन प्रती. आतून कर्मचारी बाहेर येऊन एकेकाला हाक मारत होती. दोघे-तिघे गेले. मग तिनं एक नाव पुकारलं. कोणी उठलं नाही. कोणाचं नाव आहे म्हणून मी दाराकडे बघितलं, मागच्या बाकाकडे बघितलं. उशीर करणाऱ्या माणसांची मला चीड आहे, आणि मी तसं बोलणारही होतो.

तेवढ्यात माझ्या मांडीवरची फाईल कोणीतरी ओढून घेतली.

“अहो, मला बोलावलंय,” ती म्हणाली.

ती उभी होती. साडीचा पदर सारखा करून, बूट घालून, कधीची उभी होती कोण जाणे. मी घाईनं उठलो आणि तिच्या मागे निघालो. दाराशी त्या कर्मचारी बाईंनी मला थांबवलं. ज्यांचं नाव घेतलं तेवढ्यांनीच आत यायचं, म्हणाल्या. बायकोनं मागे वळून बघितलं नाही. मी बाकावर येऊन बसलो.